आधी मोजपट्टी, मग बॅग

पत्र:

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी मी निकॉनचा झेड ५० हा छोटा मिररलेस कॅमेरा घेतला. सोबत झूमच्या दोन लेन्स आहेत: छोटी १६-५० आणि लांबचं जवळ आणणारी मोठी ५०-२५०. सुट्टीच्या दिवशी सकाळी पक्ष्यांचे फोटो काढायला जाते आणि इतर दिवशीही कॅमेरा जवळ असावा असं वाटतं, म्हणून तो जुन्या टी-शर्टात गुंडाळून लॅपटॉपच्या सॅकमध्ये टाकते. परवा सॅकमध्येच छोट्या लेन्सची कॅप निघाली आणि पुढच्या काचेवर बारीक ओरखडा आला. आता पॅडिंगवाली छोटी बॅग घ्यायचीच असं ठरवलंय, पण दुकानात सगळे मोठमोठ्या बॅकपॅक दाखवतात. मैत्रीण म्हणते, घ्यायचीच तर मोठी घे, पुढे लेन्स वाढतील. घरी मामांची जुनी कॅमेरा बॅग पडून आहे, ती वापरू का? पॅडिंग जितकं जाड तितकं चांगलं असतं का? आणि तो ओरखडा फोटोत दिसत राहील का?
– बॅगेच्या शोधात

उत्तर:

नमस्कार. आधी निकाल सांगते, कारणं मागाहून देते. खांद्यावरून आडवी घालता येईल अशी छोटी बॅग घ्या, जिचा पट्टा दोन्ही टोकांना सुटतो. आतून लांबी २३ ते २४ सेंटिमीटर, पुढून मागे १० ते ११ आणि उंची १३ ते १४. सुट्टीच्या दिवशी ती एकटी खांद्यावर, आणि कामाच्या दिवशी पट्टा काढून तीच बॅग तशीच्या तशी लॅपटॉपच्या सॅकमध्ये. तुम्हाला दोन बॅगा लागत नाहीत आणि बॅकपॅक तर नाहीच नाही.

हे आकडे कुठून आले ते सांगते, म्हणजे उद्या वेगळी बॅग समोर आली तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. तुमच्या कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्स काढलेला नुसता कॅमेरा, १२६.५ मिलिमीटर रुंद, ९३.५ उंच आणि ६० जाड आहे. १६-५० मिटलेली असताना जेमतेम ३२ मिलिमीटर लांब आणि ७० व्यासाची. ५०-२५० मिटलेली असताना ११० लांब आणि ७४ व्यासाची. पण माहितीपत्रकातली लांबी नुसत्या लेन्सची असते, आणि नुसती लेन्स बॅगेत कधीच जात नाही. मागच्या कॅपने साधारण सेंटिमीटरभर वाढतं, पुढच्या कॅपने आणखी थोडं. म्हणून मोठी लेन्स उभी ठेवायची तर उंची १३ सेंटिमीटर हवीच. १२ उंचीच्या बॅगेत ती कोंबून बसते, पण मग झाकण दर वेळी कॅपवर दाबलं जातं.

आता मांडणीचा विचार करा. छोटी लेन्स लावलेला कॅमेरा एका बाजूला, मोठी लेन्स दुसऱ्या बाजूला उभी, मध्ये फोमची एक पट्टी: बॉडीचे पावणेतेरा, लेन्सचे साडेसात आणि पट्टीचा एक मिळून २१ सेंटिमीटर होतात. दुकानदार याच हिशेबाने बॅग दाखवेल आणि ती बसेलही. पण तुम्ही पक्ष्यांच्या मागे जाता. पक्षी समोर आल्यावर कोणी लेन्स बदलत बसत नाही. त्या दिवशी मोठी लेन्स घरूनच लावून निघायचं असतं. मग कॅमेरा बॅगेत आडवा निजवावा लागतो, पकडायची बाजू वर आणि लेन्स बॅगेच्या लांबीच्या दिशेने. लेन्ससकट कॅमेऱ्याची लांबी कॅप धरून साडेसतरा सेंटिमीटरच्या आत राहते. उरलेल्या साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटरांत एक पट्टी आणि कडेवर उभी केलेली छोटी लेन्स बसली पाहिजे. ती कॅपांसकट पाचच्या आसपास जाते. म्हणून २१ नाही, २३ ते २४. हे दोन-तीन सेंटिमीटर तुमच्यासाठी फार मोलाचे आहेत, कारण त्यांच्यामुळे एकाच बॅगेत दोन्ही मांडण्या जमतात.

हूड, म्हणजे समोरचा उजेड अडवायला लेन्सच्या पुढे लावायचं कडं, घेतलं असेल तर ते उलटं बसवून, त्याच्यासकट मोजा. उलट्या हूडने व्यास बऱ्यापैकी वाढतो आणि दहा सेंटिमीटरच्या बॅगेत तेवढ्यानेच गाडं अडतं.

घरी करून पाहण्यासारखी एक गोष्ट सांगते. टेबलावर वर्तमानपत्र पसरा. सगळं सामान कॅपा लावून, बॅगेत ठेवाल तसं त्यावर मांडा, प्रत्येक वस्तूमध्ये बोटभर अंतर ठेवा आणि भोवती पेन्सिलीने रेघ ओढा. तो चौकोन मोजून घ्या, सर्वांत उंच वस्तूची उंची शेजारी लिहा. हा कागद घडी करून दुकानात न्यायचा. ऑनलाइन घेणार असाल तर आणखी जपून, कारण तिथे ठळक अक्षरांत बहुधा बाहेरचं माप दिलेलं असतं. दोन्ही बाजूंचा फोम आणि कापड मिळून दोन ते तीन सेंटिमीटर खाल्ले जातात. २४ लांबीची म्हणून मागवलेली बॅग आतून २१ निघते ती अशी. आतलं माप दिलेलंच नसेल तर ती बॅग सोडून द्या. जाता जाता सॅकच्या तळाची खोलीही मोजून ठेवा. कॅमेरा बॅग बाहेरून तिच्यात मावली तरच माझा सल्ला लागू पडतो.

आता पॅडिंग. जाड म्हणजे सुरक्षित, हे अर्धंच खरं आहे. फोम दोन जातींचा असतो. एक स्पंजसारखा, ज्यातली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. दाबला की हवा निघून जाते आणि तो चपटा होतो, पाणीही शोषून घेतो. दुसरा बंद छिद्रांचा, ज्यात हवेचे बारीक बुडबुडे कायमचे कोंडलेले असतात. योगा मॅट ज्या जातीच्या फोमची असते तोच. तो हाताला थोडा कडक लागतो, पण धक्का तोच अडवतो. दुकानात मऊमऊ, गुबगुबीत बॅग हातात घेतली की बरं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. खरी परीक्षा चिमटीची आहे. बॅगेची बाजू अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबा. बोटं एकमेकांना जवळजवळ भेटली तर तो फोम दिसायला दोन सेंटिमीटर असला तरी कॅमेऱ्याच्या वजनाखाली कागदासारखा होणार. बोटांना काही केल्या आत शिरता येत नसेल आणि सोडल्यावर जागा लगेच भरून येत असेल, तर आठ-दहा मिलिमीटरही पुष्कळ झाले.

बाजूंपेक्षा तळ महत्त्वाचा. खांद्यावरची बॅग आपण दिवसातून कितीतरी वेळा खाली ठेवतो, आणि बहुतेक वेळा शेवटचे चार बोटं अंतर ती आपटतेच. दगडी पायरी, फरशी, गाडीचा पत्रा, काहीही असो, तो धक्का थेट तळातून लेन्समध्ये जातो. गंमत अशी की तळ हा गिऱ्हाइकाला न दिसणारा भाग, म्हणून स्वस्त बॅगेत काटकसर तिथेच केलेली असते. बॅग रिकामी करून मूठ आत घाला आणि तळावर ठोसा मारून बघा. खालच्या टेबलाचा टणकपणा हाताला जाणवला तर ती बॅग परत ठेवा. तळाला बाजूंपेक्षा जास्त जाडी हवी, बारा-पंधरा मिलिमीटर तरी. काही बॅगांत तळाशी फोम नसून पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकची फळी असते. तिच्याने बॅगेचा आकार टिकतो, कॅमेरा वाचत नाही.

आणि फोम कितीही चांगला असला तरी आत वस्तू खुळखुळत असेल तर त्याचा फायदा निम्मा होतो. धक्का बाहेरून येतो तेव्हा फोम त्याला थोपवतो. पण आतल्या आत लेन्स बॉडीवर आपटायला लागली तर मध्ये फक्त तुमची ती एक पट्टी असते. म्हणून मैत्रिणीचा सल्ला मला मान्य नाही. मोठ्या बॅगेत रिकामी जागा उरते, मग त्या जागेत पाण्याची बाटली, छत्री, चार्जर जातात, आणि ओली बाटली लेन्सच्या शेजारी येऊन बसते. त्याहून वाईट म्हणजे मोठी बॅग हळूहळू घरीच राहायला लागते. तुमच्या सगळ्या सामानाचं वजन, म्हणजे बॅटरीसकट बॉडी ४५० ग्रॅम, छोटी लेन्स १३५ आणि मोठी ४०५, मिळून एक किलोच्या आत आहे. एवढा हलका संच निवडून वर दीड किलोची बॅकपॅक चढवायची, यात काय हशील? बॅग स्वतः सहा-सातशे ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. पुढे लेन्स वाढल्या तर तेव्हा बघता येईल. त्या कुठल्या असतील, केवढ्या असतील, हे आज कोणालाच माहीत नाही, आणि न घेतलेल्या लेन्सच्या मापाची बॅग कशी निवडणार?

कॅमेरा कसा ठेवायचा तेही इथेच सांगते. छोटी लेन्स लावलेला कॅमेरा बरेच जण काच खाली करून बॅगेत सोडतात. मग बॉडीचं सगळं वजन त्या मिटणाऱ्या लेन्सच्या नळीवर येतं आणि प्रत्येक धक्क्याला नळी दाबली जाते. त्याऐवजी वेल्क्रोच्या दोन पट्ट्या मध्यावर अशा लावा की बॉडीचे दोन्ही खांदे त्यांच्यावर टेकतील आणि लेन्स मधल्या फटीत अधांतरी राहील. कॅप आणि तळ यांच्यात बोट सरकवता आलं की झालं. पट्ट्या हव्या तिथे हलवता येतात त्या यासाठीच. पण दुकानातून आल्या तशाच जागी त्या वर्षानुवर्षं राहतात. दहा मिनिटं खर्चून त्या आपल्या सामानाप्रमाणे लावून घ्या. लावताना पट्टीच्या टोकाचा वेल्क्रोचा खरखरीत भाग अस्तराबाहेर उघडा राहत नाही ना, ते बघा. लेन्स पुसायचं मऊ कापड त्याला चिकटतं, धागे निघतात, आणि तो भाग स्क्रीनवर घासला गेला तर बारीक रेघा उठतात.

पॅडिंगवर एवढं बोलले, पण बॅग निवडताना मी सर्वांत जास्त वेळ ती उघडण्या-मिटण्यात घालवीन, आणि तुम्हीही घालवा असा आग्रह आहे. १९७० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या एका वर्तमानपत्राचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी स्वतःच्या कामासाठी एक बॅग बनवून घेतली. साधं कॅनव्हास, अंगाला चिकटून राहील असा मऊ आकार आणि अगदी बेताचं पॅडिंग. ती बॅग जगभरच्या बातमीदार छायाचित्रकारांच्या खांद्यावर गेली, कारण तिच्यातून कॅमेरा झटकन निघायचा. त्यांचे कॅमेरे धातूचे, दणकट होते. तुमच्या मिटणाऱ्या हलक्या लेन्सला फोम लागतो, म्हणून मी तुम्हाला तशीच बॅग सुचवत नाही. पण त्यांनी पहिला प्रश्न जो विचारला, हात घातल्यावर कॅमेरा किती पटकन हातात येतो, तोच तुम्हीही पहिला विचारावा असं मला वाटतं.

दुकानात बॅग खांद्यावर घाला. आत कॅमेरा ठेवा, नसेल तर तेवढ्या आकाराची दुसरी वस्तू ठेवा. आता बॅगेकडे न बघता, एका हाताने, उघडा, काढा, परत ठेवा, मिटा. झाकणाची बिजागरी अंगाच्या बाजूला असेल तर झाकण तुमच्या पोटाशी येतं आणि हात अडवतं. ते अंगापासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडलं तर हात सरळ आत जातो. पक्ष्यांसाठी आणखी एक गोष्ट: झाकण नुसत्या वेल्क्रोचं नको. सकाळच्या शांततेत वेल्क्रोचा तो फर्रकन आवाज झाला की फांदीवरचा पक्षी गेलाच. बकल, लोहचुंबकाचं बटन किंवा चेन चालेल.

चेन असलीच तर तिच्या वर एक झाकण किंवा बकल असावंच, हे मी फार महत्त्वाचं मानते. कॅमेरे पडतात ते बऱ्याचदा बॅग उघडी राहिल्यामुळे. आपण फोटो काढतो, कॅमेरा आत ठेवतो, चेन लावायची राहते, कोणीतरी हाक मारतं, आपण बॅग हँडलला धरून उचलतो आणि ती पुढे कलंडते. अशा वेळी वरचं झाकण आपोआप पडून चुंबकाने चिकटलं तर कॅमेरा आतच राहतो. दुकानात हीच परीक्षा करा: आत एखादं पुस्तक ठेवा, चेन उघडी ठेवा, बॅग हँडलने उचलून थोडी तिरकी करा आणि काय होतं ते पाहा.

चेनबद्दल थोडंच सांगते. धातूच्या दातांची नको, प्लॅस्टिकच्या गुंडाळीची हवी. ती वळणावर अडत नाही आणि कॅमेरा घासला तरी खरवडत नाही. चेनच्या आतल्या बाजूने कापडाची एक पट्टी शिवलेली असली तर उत्तम. कोपऱ्यांवर एका हाताने ओढून बघा. बॅग दुसऱ्या हाताने धरल्याशिवाय ती पुढे जात नसेल तर रोजची डोकेदुखी आहे.

पट्ट्याचं मात्र नीट बघायला हवं, कारण सगळा भार त्याच्यावर. रुंदी चार सेंटिमीटरच्या आसपास असली की एक किलोला पुरते. पट्टा बॅगेला जिथे जोडला आहे ती जागा आतून-बाहेरून तपासा. तिथे चौकोनात फुली मारल्यासारखे टाके असावेत आणि जाड पट्टी बॅगेच्या बाजूवरून खाली, शक्य तर तळाखालून दुसऱ्या बाजूला गेलेली असावी. नुसती दोन बोटं लांबीची पट्टी शिवणीत खुपसून टाके घातलेले असतील तर तो जोड आज ना उद्या उसवतो. पट्टा सुटा करायचे हूक धातूचे आणि फिरते हवेत, नाहीतर पट्ट्याला पीळ बसत राहतो. पट्टा सॅकमध्ये जाताना सुटणार आणि बाहेर येताना लागणार, म्हणजे तुमच्याकडे या हुकांचं काम इतरांपेक्षा जास्त. स्प्रिंग कमकुवत वाटली तर घेऊ नका.

कापडाला ‘६००-डी’, ‘१०००-डी’ असं लिहिलेलं असतं. तो धाग्याचा जाडेपणा: नऊ हजार मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, त्याचा आकडा. जाड धागा घासण्याला जास्त टिकतो, पण जडही होतो. तुमच्या बॅगेला ४०० ते ६०० च्या दरम्यानचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर भरपूर झालं. रंग, खिसे, बाहेरची नक्षी तुमच्या आवडीवर. फक्त बाहेरच्या अंगाला मोठ्या अक्षरांत कॅमेरा कंपनीचं नाव नसलं तर बरं. गर्दीत आत काय आहे ते सगळ्यांना कळायचं कारण नाही.

जादा बॅटरीसाठी एक छोटा वेगळा खिसा हवा. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर किंवा नाण्यांबरोबर ठेवायची नाही, तिच्या टोकांना धातू लागला तर ती तापते. सोबत आलेली प्लॅस्टिकची टोपी लावूनच ठेवा. विमानाने जाल तेव्हा सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, हेही या छोट्या बॅगेच्या पथ्यावर पडतं.

पावसाचं म्हणाल तर अंगावर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी ते कापडापुरतं. पाणी शिरतं ते शिवणींतून आणि चेनमधून. तळाच्या खिशात घडी घातलेलं रेनकव्हर असेल तर चांगलं, नसेल तर बॅग मावेल एवढी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आत ठेवा, काम तेवढंच चोख होतं. महत्त्वाचं ते घरी आल्यावर. भिजलेली किंवा नुसती दमट बॅग मिटून कोपऱ्यात ठेवू नका. कॅमेरा आणि लेन्स लगेच बाहेर काढा, बॅगेच्या पट्ट्या सुट्या करून ती उलटी-सुलटी वाळवा. फोममध्ये आणि अस्तरात ओल दिवसेंदिवस राहते. अंधार, न हलणारी हवा आणि दमटपणा हे तिन्ही एकत्र आले की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवरच्या कोटिंगवर पसरतात, आणि उशिरा लक्षात आलं तर साफ केल्यावरही त्यांचे व्रण राहतात.

म्हणून बॅग नेण्या-आणण्यापुरती. आठवडाभर कॅमेरा वापरायचा नसेल तर तो बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवता आला तर फारच छान. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा, ६० च्या वर गेला की बुरशीला रान मोकळं. केशरी दाण्यांचं जेल घ्या. ते हिरवट पडलं की भरलं, ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून पुन्हा केशरी झालं की वापरायला तयार.

यावरून मामांच्या बॅगेकडे येते. मायेने ठेवलेली वस्तू आहे, वापरावीशी वाटणं साहजिक आहे. पण आत हात घालण्याआधी बॅग बाल्कनीत नेऊन उघडा आणि वास घ्या. कुबट वास असेल तर तिच्यात बुरशी आहे, आणि धुतली तरी ती फोममधून पूर्ण जाईल याची खात्री नाही. वास नसेल तर अस्तरावरून अंगठा दाबून फिरवा. अंगठ्याला चिकट लागलं, पापुद्रे निघाले किंवा काळी-पिवळी भुकटी आली, तर आतला फोम आणि कापडावरचा लेप विरघळायला लागला आहे. जुन्या पॉलियुरेथेनचं असंच होतं; हवेतली ओलच ते वर्षानुवर्षं मोडत राहते, बॅग वापरलेली असो वा नसो. हा भुगा तुमच्या कॅमेऱ्याला विशेष घातक आहे. मिररलेसमध्ये लेन्स काढली की प्रकाश टिपणारा सेन्सर समोर उघडाच असतो, मध्ये आरसा नाही. लेन्सच्या मागच्या कडेला चिकटून आलेला तो चिकट कण सेन्सरवर गेला तर नुसत्या फुंकरीच्या रबरी पंपाने निघत नाही.

बाहेरचं कापड आणि पट्टा अजून धडधाकट असेल तर मात्र एक मार्ग आहे. आतला सगळा जुना फोम आणि अस्तर काढून टाका, कवच धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि त्यात फोमचा तयार सुटा कप्पा बसवा. असे चौकोनी पॅडेड कप्पे वेगळे विकत मिळतात, त्यांना ‘इन्सर्ट’ म्हणतात. वर सांगितलेलं आतलं माप त्यालाही तंतोतंत लागू आहे. बॅगेचं कवच थोडं मोठं असलं तरी चालेल, कप्पा मापाचा हवा. कामाच्या दिवशी हाच कप्पा उचलून सॅकमध्ये ठेवता येईल, फक्त त्याला वरून मिटणारं झाकण असलेला घ्या. मामांची बॅगही वापरात राहील. पट्ट्याचे टाके आधी नक्की तपासा. धागा जुना झाला असेल तर चांभाराकडून किंवा बॅगा शिवणाऱ्याकडून नवे घालून घ्या.

राहिला ओरखडा. लेन्सच्या पुढच्या काचेवरची बारीक रेघ फोटोत रेघ म्हणून उमटत नाही. लेन्स जिथे फोकस करू शकते त्यापेक्षा ती काच इतकी जवळ असते की तिच्यावरचं काही स्पष्ट दिसूच शकत नाही. फरक पडला तर उजेड समोरून येतो तेव्हा पडतो. रेघेवरून प्रकाश विखुरतो आणि चित्र थोडं धुरकट होतं. तपासायचं तर अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा, तो चौकटीच्या एका कोपऱ्यात येईल असा कॅमेरा धरा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ-१६ इतकं लहान ठेवून एक फोटो काढा आणि एक ॲपर्चर पूर्ण उघडून. मग दिवा दुसऱ्या कोपऱ्यात घेऊन पुन्हा काढा. दिव्याभोवती एखाद्या दिशेने लांब फराटा किंवा विचित्र धूसर पट्टा दिसला नाही, तर लेन्स निर्धास्त वापरा. दिसला तरी हूड लावून तो पुष्कळ कमी होतो. ओरखडा घालवण्यासाठी टूथपेस्ट, पॉलिश असलं काहीही काचेला लावू नका; रेघ जात नाही, भोवतीचं कोटिंग मात्र जातं. आणि त्या लेन्सची कॅप सॅकमध्ये आपोआप निघाली, म्हणजे तिचे खटके सैल झाले असावेत. नवी कॅप घ्या, छोट्या लेन्सला ४६ मिलिमीटरची लागते, मोठीला ६२ ची.